सात नांगे, एक सातबारा

मी लहान मुलांसमोर खोटं बोलले नाही, हे आधीच सांगून ठेवते. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवलेल्या बाईला खोटं बोलताना घशात खडूची पूड अडकल्यासारखं होतं. मी एवढंच म्हणाले, "हो तर! मी स्वतः तिफणीवर मूठ धरलेली आहे." आता ती किती वेळ धरली, हे मुलांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये, हे मीच आयुष्यभर मुलांना शिकवत आले.

झालं असं, की आमची लेक राजेश्वरी पुण्यात एका शाळेत तिसरीला शिकवते. तिच्या शाळेनं 'आपलं अन्न कुठून येतं' अशा नावाच्या चार ऑनलाइन कार्यशाळा ठरवल्या. शनिवारी सकाळी साडेदहाला, मुलं आपापल्या घरून, आणि शिकवणारी व्यक्ती थेट शेतातून. राजीनं शाळेत सांगून टाकलं, "माझी आई जळकोटला असते. ती शेतीतली तज्ज्ञ आहे." मुलीच्या तोंडून आपल्याबद्दल 'तज्ज्ञ' हा शब्द सत्तराव्या वर्षी ऐकायला मिळाला, तर कोण आई नाही म्हणेल?

पहिली कार्यशाळा मी घरच्या ओट्यावरूनच घेतली. ताटात काळी माती, वाटीत चुनखडीचे खडे, असा थाट होता. मोबाइलवर बेचाळीस मुलांची बेचाळीस चौकोनी तोंडं. प्रेम नावाच्या एका मुलानं हात वर केला, "आजीबाई, तुम्ही स्वतः पेरलंय का कधी?" आणि मी ते तिफणीचं वाक्य बोलले. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मुलांचे डोळे असे चमकले, की मी पुढे म्हणाले, "पुढच्या शनिवारी मी तुम्हाला तिफणीनं पेरूनच दाखवते!"

मागून दूध उतू गेल्यासारखा आवाज आला. तो आमच्या ह्यांच्या हसण्याचा होता.

खरी गोष्ट अशी. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं लाकडी पेरणीयंत्र. वर एक वाडगं असतं, त्याला चाडं म्हणतात. त्यातून तीन नळे खाली जमिनीत जातात. पुरुष तिफण हाकतो आणि बाई शेजारून चालत ओटीतलं बी मुठीनं चाड्यात सोडत जाते. मूठ सारखी चालली, तर तीन सरळ ओळी उगवतात. माझ्या सासूबाई, म्हाळसाबाई, ह्या कामात सगळ्या जळकोटात पहिल्या. लोक दसऱ्याच्या आधीच येऊन त्यांना सांगून ठेवायचे. मी लग्न होऊन आले ती शिक्षकाची पदविका घेऊन, शहात्तर साली. पहिल्याच रब्बीला हौसेनं म्हणाले, "मी धरू का मूठ?" त्यांनी ओटी माझ्या कमरेला बांधली. दहा पावलं छान गेली. अकराव्या पावलाला बांधावर एक बाई दिसली. तिचा मुलगा पंधरा दिवस शाळेत आला नव्हता. मी तिला विचारलं, "अहो, तुमचा मुलगा कुठंय?" आणि बोलताना माझी मूठ थांबली.

सासूबाईंनी जागच्या जागी ओटी सोडून घेतली. म्हणाल्या, "मूठ धरल्यावर बोलायचं न्हाय. तुझा हात चांगलाय गं, पण तो तोंडाला बांधलाय." तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षं मी चाड्याला हात लावला नव्हता. म्हणजे माझा एकूण अनुभव दहा पावलांचा. पण अनुभव हा अनुभव असतो.

दोन दिवसांनी राजीच्या शाळेच्या कार्यालयातून एक फॉर्म आला. 'तज्ज्ञ मार्गदर्शक माहितीपत्रक.' त्यात 'कार्यशाळेचे ठिकाण: वर्गखोली, सभागृह, इतर' असं होतं. मी 'इतर'वर खूण केली, तर पुढे 'इतर असल्यास आसनक्षमता व पंख्यांची संख्या' विचारलेली. चार एकर काळ्या रानात किती माणसं बसतील, हे मी मनातल्या मनात गुणून पाहिलं आणि सोडून दिलं. खरी अडचण शेवटच्या रकान्यात होती: 'शेतकरी असल्याचा पुरावा (सातबारा उतारा).'

मी छत्री घेऊन तलाठ्याच्या कचेरीत गेले. तिथले भाऊसाहेब माझेच विद्यार्थी. तिसरीत असताना त्यांना साताचा पाढा शेवटपर्यंत आला नाही; आज ते तीन गावांचे सातबारे सांभाळतात. मला पाहून उठून उभे राहिले. "या बाई! काय काम काढलाव?"

"सातबारा पाहिजे. माझ्या नावाचा."

त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं, मान तिरकी केली, चष्मा पुसला. "बाई, तुमचं नाव न्हाय ह्याच्यावर."

"नीट बघ."

"नीटच बघालोय. एकटे साहेबच हायत. बलभीम, पुढं त्यांच्या वडलांचं नाव."

"अरे, अठ्ठेचाळीस वर्षं मी त्या रानातली ज्वारी खाते!"

"खाल्ल्यानं नाव लागत न्हाय बाई. न्हाय तर चिमण्यांचं बी लावावं लागंल." असं म्हणून त्यांनी जीभ चावली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. पाढा आला नाही, तरी माणूस हजरजबाबी निघाला, याचं मला थोडं श्रेय घ्यावंसं वाटलं. चहा पिता पिता त्यांनी उपाय सांगितला. नवऱ्यानं साधा अर्ज दिला, तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. खर्च नाही, कटकट नाही. फक्त नवऱ्याची सही.

'फक्त' हा शब्द त्यांनी फार सहज वापरला. त्यांनी आमच्या ह्यांच्याकडून सही कधी घेतलेली दिसत नाही.

आमचे हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा लिहिल्या. निवृत्त झाले तरी घरातला कुकर कितीला लावला आणि कितीला उतरला, हे त्यांना पाठ असतं. मी अर्ज समोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "काहून?"

"काहून म्हणजे? मी शेतकरी आहे."

"तू पेरलंस काय आजपर्यंत? दर नवरात्रात घटाखालच्या मातीत पाच धान्यं. त्या घटाचा सातबारा पाहिजे असला, तर आत्ता लिहून देतो."

ओट्यावर आमची शेजारीण गंगम्मा वाती वळत बसली होती. ती हसली, म्हणून मला जास्त लागलं. चारचौघांत झालेला अपमान आणि गंगम्मासमोर झालेला अपमान यांत फरक एवढाच, की चारचौघं विसरतात.

"आणि मी पेरून दाखवलं तर?"

ह्यांनी पेपराची घडी घातली. "ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत तिफणीची एक फेरी पेर. उगवल्यावर एक जरी नांगा दिसला, तर सातबाऱ्याचं नाव काढायचं न्हाय. न्हाय दिसला, तर सही करतो."

नांगा म्हणजे बी न पडल्यानं ओळीत राहिलेली मोकळी जागा. पेरताना तो कुणालाच दिसत नाही. आठवड्यानं सगळ्या गावाला दिसतो.

"ठरलं," मी म्हणाले. "ठरलं," गंगम्मा म्हणाली, आणि वाती तशाच टाकून घराबाहेर पडली. म्हणजे गावात जाहीर झालं.

त्या संध्याकाळपासून आमच्या गल्लीत एवढे शेतीतज्ज्ञ निघाले, की शाळेनं उगीच पुण्याहून मला शोधलं असं वाटावं. एक म्हणाला, अंगठा ढिला ठेवा. दुसरा म्हणाला, अंगठाच खरा, बोटं ढिली ठेवा. ज्यानं जन्मात पानपट्टीशिवाय काही चालवलं नाही, तो मला पावलांचा ताल शिकवून गेला. मी घरात सराव सुरू केला. बरणीवर रॉकेलचं जुनं नरसाळं ठेवायचं, ती कडेवर धरायची आणि स्वयंपाकघर ते दार अशा फेऱ्या मारत ज्वारी सोडायची. निम्मी ज्वारी बरणीत जायची, निम्मी फरशीवर. दुसऱ्या दिवशी गंगम्माच्या कोंबड्या आमच्याकडे राहायला आल्या. तिसऱ्या दिवशी हे ज्वारीवरून घसरून थेट देवघरासमोर बसले. मी म्हणाले, "बसलाच आहात तर स्तोत्र म्हणून घ्या." तेव्हापासून ते घरातही चप्पल घालू लागले.

पण सराव कितीही केला, तरी तिफण कुठं होती? आता सगळी पेरणी ट्रॅक्टरवर होते. आमचं रान बटईनं करणारा मल्लेश म्हणाला, "बाई, तिफण बघून मला धा वर्षं झाली." सबंध जळकोट पालथं घातलं. शेवटी तिफण सापडली ती गंगम्माच्या परसात, उभी, दोडक्याच्या वेलाखाली. वेल तिच्या तिन्ही नळ्यांना गुंडाळून वर गेला होता आणि बोटाएवढे दोडके लागले होते.

"अय्यो बाई, वेल मोडला तर मी काय खाऊ?" गंगम्मा आडवी उभी राहिली. "तुमच्या सातबाऱ्यासाठी माझे दोडके का मरावेत?"

शेवटी तोड निघाली. शेजारी बांबूचा मांडव घातला आणि आम्ही पाच बायकांनी तो वेल एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर पेशंट हलवावा तसा अलगद हलवला. "डोकं धरा, डोकं!" गंगम्मा ओरडत होती. वेलाचं डोकं कोणतं, यावर मतभेद झाले. पण वेल जगला. तिफणीचा एक नळा मात्र वाळवीनं खाल्लेला निघाला. सुतार लग्नाला गेलेला. मल्लेशनं प्लंबरकडून निळा पाइप आणून बसवला. सासूबाईंनी ती तिफण पाहिली असती, तर त्या काही बोलल्या नसत्या. नुसतं बघितलं असतं. ते जास्त वाईट.

बैल मल्लेशचेच. एकाचं नाव पैलवान, दुसऱ्याचं मास्तर. दोघांनी उभ्या आयुष्यात ऊस कारखान्यावर नेण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांना रस्त्याचे नियम ठाऊक होते, शेताचे नव्हते. आमचं रान हमरस्त्याला लागून आहे. मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला, की दोघंही डावीकडे सरकून उभे राहायचे आणि गाडी गेल्याची खात्री झाल्याशिवाय हलायचे नाहीत. "लई शिस्तीचे हायत," मल्लेश अभिमानानं म्हणाला.

शनिवार उजाडला. रानाला वाफसा छान होता. माती हातात घेतली की गोळा व्हावा आणि टाकली की फुटावा, अशी ओल. मोबाइल ह्यांच्या हातात. पैजेचा पंच आणि कॅमेरामन एकच, ही व्यवस्था न्यायाची नव्हती. पण दुसऱ्या कुणाचा हात एवढा स्थिर नव्हता. ह्यांनी मोबाइल समोर धरला, घसा साफ केला आणि सवयीनं सुरू झाले, "साडेधाला सुटणारी कार्यशाळा नेटवर्कच्या कारणास्तव सात मिनिटं उशिरा सुटत आहे. प्रवाशांनी..." मुलं खदखदून हसली. राजीचा आवाज आला, "बाबा, पुरे."

मी पदर खोचला, ओटी बांधली, सासूबाईंचं नाव घेतलं आणि मूठ धरली. मल्लेशनं हाक दिली, "चल मास्तर! सरळ चाल! सगळी पोरं बघाल्यात!" बेचाळीस मुलांना बैलाचं नाव मास्तर आहे, हे कळलं आणि पुढची दोन मिनिटं कुणालाच काही ऐकू आलं नाही.

पण माझी मूठ चालू लागली. काय सांगू! चाड्याच्या काठाला बी घासून जाण्याचा तो बारीक आवाज मी अठ्ठेचाळीस वर्षांनी ऐकला. मातीचा वास, बैलांच्या पायांची लय, आणि बोटांच्या फटीतून सुटणारी ज्वारी. मला वाटलं, सासूबाईंची मूठ आज माझ्या हातात आली.

मग एक हात वर झाला. कृष्णराज नावाचा मुलगा. "आजीबाई, बैलांना सुट्टी कधी असते?" मी हसून पोळ्याबद्दल सांगितलं. करिश्मानं विचारलं, "तिफणीचा एक पाय निळा का आहे?" त्याचंही उत्तर दिलं. प्रेमला जाणून घ्यायचं होतं, की बैल कारखान्याला जाण्याऐवजी इकडे आले म्हणून त्यांना कुणी रागावणार नाही ना. प्रश्नामागून प्रश्न. मुलं प्रश्न विचारतात, तेव्हा शिक्षकाला मोक्ष मिळतो, असं माझं मत आहे. विहिरीजवळ आलो तेव्हा स्क्रीनच्या अगदी खालच्या चौकोनातून एक बारीक आवाज आला. शिवांजली तिचं नाव.

"आजीबाई, बी उलटं पडलं, तर झाड खाली उगवेल का?"

चौतीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी चालता चालता विचारात पडले. मग दिलं उत्तर, अगदी सविस्तर: मूळ खाली कसं ओढलं जातं, कोंब वर कसा वळतो, अंधारातही त्याला दिशा कशी कळते. उत्तर संपलं, तेव्हा समोर दुसरा बांध होता. मल्लेश म्हणाला, "आली बाई फेरी!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घाम पुसत ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "अकरा मिनिटं."

पुढचे सात दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. पेरलेलं सगळं मातीखाली होतं आणि मातीवर फक्त माझी कीर्ती. किराणा दुकानात लोक मला आधी माल देऊ लागले. मी मूठ कशी धरावी यावर दोन सुनांना मार्गदर्शन केलं. सातबाऱ्यावर नाव लागलं, तर ते 'लक्ष्मीबाई' असं पूर्ण लिहायचं की नुसतं 'लक्ष्मी', याचाही विचार करून ठेवला. पूर्ण ठरलं.

तिसऱ्या शनिवारी, सकाळी लवकर, मल्लेश दाराशी आला. टोपी हातात होती. "बाई," तो म्हणाला, "उगवलंय. पण तुमी एकदा बघा."

मी पाहिलं. तीन हिरव्या ओळी निघाल्या होत्या, सुईच्या टोकाएवढ्या पानांच्या, सुबक. आणि मध्ये मध्ये तिन्ही ओळींना मिळून दारं पडावीत तशा मोकळ्या जागा. एक, दोन, तीन... सात. विहिरीजवळचा सातवा तर एवढा लांब, की त्यात बैलगाडी वळवता आली असती. पेरताना जिथं हॉर्न ऐकून बैल थांबले होते आणि माझी मूठ चालूच राहिली होती, तिथं उलट गवताच्या पेंढीसारखा दाट पुंजका उगवला होता. ह्यांनी काठीनं एकेक नांगा मोजला. तीस वर्षं गाडी रद्द झाल्याचं सांगणाऱ्या माणसाला चेहऱ्यावर काही न दाखवण्याची सवय असते. पण मिशी हलत होती.

साडेदहाला मुलं आली. मी ठरवलं होतं, की दोन नांग्यांच्या मधला चांगला तुकडा तेवढा दाखवायचा. "मुलांनो, बघा, कशी सुंदर..." एवढं म्हणेपर्यंत ह्यांनी मोबाइल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवला, बांधापासून बांधापर्यंत.

"आजीबाई," प्रेमनं विचारलं, "इथे कुणीच का नाही आलं?"

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "गैरहजर."

झालं! मुलांनी हजेरीच घ्यायला सुरुवात केली. हजर, हजर, हजर, गैरहजर. तेवढ्यात कृष्णराज ओरडला, "थांबा! हे कडुनिंबाचं झाड आहे ना? इथेच मी बैलांच्या सुट्टीचं विचारलं होतं! मी रेकॉर्डिंग तीनदा पाहिलंय!" राजीनं रेकॉर्डिंग लावलं. खरंच की! कडुनिंबाजवळ पोळ्याचं उत्तर. मोठ्या दगडाजवळ निळ्या पायाचं. जिथं जिथं मी बोलले, तिथं तिथं मूठ मिटलेली. हात चाड्यावर, चेहरा मोबाइलकडे, आणि मी एखाद्या पुढाऱ्यासारखी हसत चाललेली. माझा सगळा पाठ जसाच्या तसा रानात उगवला होता. म्हणजे, उगवला नव्हता.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी सासूबाईंना दहा पावलांत कळलेली गोष्ट, कळायला मला एक फेरी आणि इंटरनेट लागलं.

"म्हणजे हे आमच्यामुळे झालं?" करिश्माचा आवाज रडवेला झाला. खालच्या कोपऱ्यातली शिवांजली तर कॅमेऱ्यातून बाजूला सरकली. नुसती भिंत दिसू लागली. तेवढ्यात राजीचा निरोप आला: 'आई, ती जूनपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तो तिचा पहिला प्रश्न होता.'

सातबारा, पैज, गंगम्मा, सगळं त्या क्षणी बाजूला पडलं.

"ऐका रे," मी म्हणाले. "प्रश्नानं नांगा पडत नाही. मूठ थांबली म्हणून पडला, आणि मूठ माझी होती. आणखी एक सांगते. मी मूठ धरलेली आहे म्हणाले होते ना? ती फक्त दहा पावलं धरली होती. मग माझ्या सासूबाईंनी काढून घेतली, कारण मी बोलत होते." ह्यांनी मोबाइल थोडा खाली घेतला. मी पुढे म्हणाले, "शेतात नांगा पडला, तर शेतकरी रडत बसत नाही. बी भिजवतो आणि खुरप्यानं नांगे भरतो. आज आपण तेच करायचं. शिवांजली, तुझा नांगा सगळ्यांत मोठा आहे. त्यात बी कसं टोकायचं, ते तू सांग."

भिंतीच्या कडेला आधी एक वेणी दिसली. मग अर्धा चेहरा आला. "उलटं," ती म्हणाली.

ज्वारीच्या दाण्याला एका टोकाला बारीक काळा ठिपका असतो. तो खाली यायला हवा. मी मातीत बसले, चष्मा लावला आणि त्या लांबलचक नांग्यातला एकेक दाणा ठिपका वर करून, मुलांना दाखवून मातीत ठेवला. मल्लेश डोक्याला हात लावून बांधावर बसला. बाकीचे सहा नांगे सरळ भरले. आणि हे सगळं मी तोंड मिटून केलं. मुलांना ते कळलं, आणि त्यांनी मुद्दाम परीक्षा घेतली. "आजीबाई, मास्तर कुठंय?" मी गप्प. "आजीबाई, तुमच्या मागे साप!" मी गप्प, पण मल्लेश बांधावरून उडाला. शेवटी ह्यांनीही विचारलं, "अगं, माझी बीपीची गोळी कुठं ठेवलीस?" मी बोटानं त्यांच्याच खिशाकडे दाखवलं आणि दुसऱ्या हातानं दाणा ठेवला.

मधे दिवाळीची सुट्टी आली, त्यामुळे चौथी कार्यशाळा पंधरा दिवसांनी झाली. ह्यांनी मोबाइल धरून बांधापासून चालायला सुरुवात केली. सगळ्या ओळी भरल्या होत्या. मी श्वास धरून होते तो विहिरीजवळच्या जागेसाठी. आणि तिथं, उलटी पेरलेली ज्वारी सरळ वर आलेली होती. एकही रोप वाकडं नव्हतं. शिवांजलीनं स्क्रीनला नाक लावलं, सगळ्या चौकोनात नुसतं नाक. "सगळे वर आले!" ती ओरडली, इतक्या मोठ्यानं, की पैलवान बैल डावीकडे सरकून उभा राहिला.

मी ह्यांच्याकडे वळले. "दाखवा आता नांगा."

"भरलेला नांगा चालत न्हाय," हे म्हणाले. "बघ की, ही रोपं बुटकी हायत. मागनं आलेली सरळ कळतात."

"आजोबा," प्रेम म्हणाला, "आमच्या वर्गात मी बुटका आहे. माझीपण हजेरी लागते."

तेवढ्यात मी धरलं. "अहो, तीस वर्षं तुम्ही उशिरा आलेल्या गाड्या लिहिल्यात. वहीत त्यांच्यापुढं काय लिहायचे? 'रद्द' की 'आली'?"

ह्यांनी मोबाइल मल्लेशच्या हातात दिला. बेचाळीस मुलं, मल्लेश, दोन बैल आणि बांधावर दोडके घेऊन आलेली गंगम्मा, सगळे बघत होते. "'आली' असंच लिहायचो," ते म्हणाले. "पुढं उशीर किती, ते लिहायचो." मग मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "कुठाय तो अर्ज?"

अर्ज माझ्या ओटीतच होता. घडीत ज्वारीचे चार दाणे सापडले. त्यांनी गंगम्माच्या पाटीवर कागद ठेवून सही केली, आणि खाली तारखेपुढे, कुणी सांगितलं नसताना, वेळही लिहिली: अकरा वाजून चार मिनिटे.

नाव लागून उतारा हाती यायला दीड महिना गेला. भाऊसाहेबांनी स्वतः घरी आणून दिला. 'लक्ष्मीबाई', पूर्ण. मी त्याची प्रत लगेच पुण्याच्या शाळेला पाठवली. चार दिवसांनी त्यांच्या कार्यालयाचं उत्तर आलं: कागदपत्रे विहित मुदतीनंतर प्राप्त झाल्याने आपली 'तज्ज्ञ' म्हणून नोंद करता येत नाही, तसेच पंख्यांची संख्या नमूद केलेली नाही.

मला वाईट वाटलं नाही. शिवांजली आता वर्गात इतके प्रश्न विचारते, की राजीचा निम्मा तास त्यातच जातो. तिनं आमच्या रानाचं चित्र काढून पाठवलंय: तीन ओळी, सात जागा, आणि प्रत्येक जागेखाली ज्याचा प्रश्न त्याचं नाव.

उतारा आला त्या संध्याकाळी मी तो सासूबाईंच्या फोटोसमोर नेऊन ठेवला. त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ खूप होतं. मग मनात आलं, ज्या बाईच्या मुठीनं ते रान चाळीस वर्षं पेरलं, तिचं नाव ह्या कागदावर कधीच नव्हतं. मी उतारा सरळ केला, दिवा लावला आणि काही बोलले नाही.

बराच वेळ झाला, तसे हे दारात येऊन उभे राहिले. घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काळजीनं म्हणाले, "अगं, दहा मिनिटं झाली. बरं वाटतंय ना तुला?"